सुट्टी आणि खाडा

मराठीत कामावर न जाण्याला दोन शब्द आहेत. एक सुट्टी आणि दुसरा खाडा. कोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी बसू शकतील, व्यवहारात मात्र त्यांच्यामध्ये भिंत उभी आहे. महिन्याच्या ठरावीक तारखेला ज्याच्या खात्यात वेतन जमा होते तो घरी राहिला, की त्याची सुट्टी होते. ज्याला रोजाने पैसे मिळतात तो घरी राहिला, की त्याचा खाडा होतो. सुट्टी मिळते, मंजूर होते, साठवता येते, क्वचित विकताही येते. खाडा पडतो, आणि पडला की कापला जातो. कामाचा आठवडा लहान असावा, मनाच्या स्वास्थ्यासाठी माणसाला हक्काची रजा मिळावी, अशी चर्चा आज सर्वत्र चालू आहे. ती आपण या दोन शब्दांच्या कोणत्या बाजूला उभे राहून करतो, हे आधी पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटते.

ही चर्चा परदेशातून आलेली एक चैन आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळ दिसतो. वास्तविक आठवड्याच्या सुट्टीचा लढा या देशात ज्यांनी प्रथम संघटितपणे उभा केला, त्यांत अग्रभागी एक मराठी माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८चा. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. काही काळ त्यांनी मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केली होती, त्यामुळे गिरणीतले आयुष्य त्यांना ऐकीव माहितीने नव्हे, तर रोजच्या दर्शनाने ठाऊक होते. त्या काळी गिरणीचा भोंगा सूर्योदयाला होई आणि काम सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट बहुतेक गिरण्यांत नव्हती.

सप्टेंबर १८८४मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली. आपण आज ज्या रविवारी उशिरा उठतो तो इंग्रजांनी दिलेला आहे, असे आपण शाळेपासून गृहीत धरतो. तो सहजासहजी कुणी दिला नाही. सहा वर्षे मागून मिळवावा लागला.

या इतिहासातील एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. फॅक्टरी कायद्याला त्या वेळच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या अनेक वृत्तपत्रांनी विरोध केला होता. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको होती, आणि हिंदी कामगारांविषयी त्यांना आलेल्या उमाळ्यामागे त्यांचा स्वतःचा नफा होता. पण या युक्तिवादाचा निष्कर्ष असा निघाला, की देशी उद्योग जगावा म्हणून देशी कामगाराने विश्रांती मागू नये. लोखंड्यांनी हा निष्कर्ष नाकारला. लँकेशायरचा हेतू वाईट आहे म्हणून परळच्या माणसाच्या पाठीला दुखत नाही, असे होत नाही.

आज ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचे आवाहन करतात, जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे उद्गार देशभर गाजतात, आणि दोन्ही वेळी चर्चेत राष्ट्राचे नाव येते, तेव्हा आम्हांस हा जुना वाद आठवतो. राष्ट्र उभे राहायचे तर कुणाला तरी राबावे लागेल हे खरे. पण त्या वाक्यातला ‘कुणाला तरी’ नेहमी दुसराच कुणी का असतो, आणि वाढलेल्या तासांचे फळ कुणाच्या ताटात पडते, याचे उत्तर त्या आवाहनांत सापडत नाही. दिवसाचे चोवीस तास कुणालाही वाढवून मिळत नाहीत. ९० तास काम करणाऱ्याच्या घरी त्याचा डबा कुणीतरी भरलेला असतो, त्याचे कपडे कुणीतरी धुतलेले असतात. ते तास कोणत्याच हिशेबात धरलेले नसतात.

असे बोलणारे लोक कधीकधी आपल्या संतांचाही आधार घेतात. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, कर्म हीच पूजा मानली, मग आपण तक्रार का करावी, असा त्यांचा प्रश्न असतो. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांस येथे थोडे बोलण्याचा अधिकार आहे. सावतोबा राबत होते ते स्वतःच्या मळ्यात, स्वतःच्या लयीत. मोट कधी थांबवायची हे त्यांच्या हाती होते. त्याच परंपरेत चोखोबाही आहेत. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर त्यांना नेले गेले, ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले, असे परंपरा सांगते. भिंत दुसऱ्याची, काम सक्तीचे, आणि नकार देण्याची सोय नाही. श्रमाची महती सांगताना सावतोबांचे नाव घ्यायचे आणि चोखोबांचे गाळायचे, ही वारकरी परंपरेची अर्धवट उजळणी होय. श्रमात देव दिसण्यासाठी श्रम थोडे तरी आपले असावे लागतात.

आता कामाच्या दिवसांचे गणित पाहू. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२०मध्ये आपल्या कार्यालयांसाठी पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला आणि तो २९ फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यावर वृत्तपत्रांतून बरीच थट्टा झाली; सरकारी बाबूंना आणखी आराम, असा तिचा सूर होता. प्रत्यक्षात शासनाने तेव्हा दिलेला हिशेब निराळा होता. पूर्वी वर्षाला २८८ दिवस आणि रोज सव्वासात तास, म्हणजे २०८८ तास काम होई. नव्या पद्धतीत २६४ दिवस आणि रोज आठ तास, म्हणजे २११२ तास. दिवस २४ने कमी झाले आणि तासही बरोबर २४ने वाढले! आठवडा लहान झाला, काम मात्र किंचित मोठेच झाले. शनिवार मोकळा मिळण्याला मोल आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु दिवस कमी करणे आणि काम कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या हिशेबावरून ध्यानात ठेवावे.

परदेशांतील प्रयोगांकडेही याच नजरेने पाहावे लागते. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सार्वजनिक क्षेत्रातील सुमारे अडीच हजार लोकांचे आठवड्याचे काम ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणले गेले आणि पगारात कपात केली गेली नाही. २०२२मध्ये ब्रिटनमध्ये ६१ संस्थांनी सहा महिने असाच प्रयोग केला आणि त्यांतल्या ५६ संस्थांनी तो पुढे चालू ठेवला. काम कोसळले नाही, माणसे मात्र कमी थकली, असे दोन्हीकडच्या अहवालांचे सार आहे. याउलट बेल्जियमने २०२२मध्ये कामगाराला चार दिवसांच्या आठवड्याची मुभा दिली, पण आठवड्याचे एकूण तास तेच ठेवले. म्हणजे चार दिवसांचा आठवडा या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जात आहेत. एकीत विश्रांती आहे. दुसरीत पाच दिवसांचा थकवा चार दिवसांत कोंबलेला आहे.

आपल्याकडे कोणती वस्तू येऊ घातली आहे? सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर, आणि दुकाने व आस्थापनांतील ९ तासांवरून १० तासांवर नेण्याच्या प्रस्तावांना मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा त्यांत कायम आहे, आणि बारा-बारा तासांचे चार दिवस भरले की उरलेले तीन दिवस मोकळे, असे तिचे गोड स्पष्टीकरणही ऐकू येते.

ज्यांनी वाळूजची औद्योगिक वसाहत पाहिली आहे त्यांनी या स्पष्टीकरणाचा विचार जमिनीवर उभे राहून करावा. वाळूज आमच्याच गंगापूर तालुक्यात आहे. १९८०च्या दशकात तेथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारे असंख्य लहान उद्योग आले, आणि कोरडवाहू शेतीवर भागत नाही अशा शेकडो घरांतली मुले पाळीवर जाऊ लागली. या वसाहतीने तालुक्याला दिलेली मिळकत खरी आहे. पण गावात राहून वाळूजला जाणाऱ्याच्या दिवसात येण्याजाण्याचा वेळही असतो. बारा तास पाळी आणि दोन तास रस्ता धरला, तर चोवीसातले दहा तास उरतात. त्यांत झोप, जेवण, अंघोळ, म्हातारे आईवडील, मूल आणि शेताचे उरलेसुरले काम. उरलेले तीन दिवस तो विश्रांती घेईल, हे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा चार दिवसांच्या मजुरीत सात दिवस भागतील. ठेकेदाराकडे असलेला मुलगा पाचव्या दिवशी दुसरे काम शोधेल. त्याची सुट्टी कागदावर सुट्टी राहील, त्याच्या लेखी ते तीन खाडे असतील.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करण्याशी जोडता येतील असे पक्षाघाताचे व हृदयविकाराचे मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार होते. हा नुसता शरीराचा हिशेब झाला. मनाचा हिशेब मांडायला आपल्याकडे भाषाही नीट नाही. शाळेत आपण सर्वांनी रजेचा अर्ज लिहायला शिकलो. त्या अर्जात मुलाला नेहमी ताप येतो, फार तर घरात लग्न असते. मन थकले आहे म्हणून दोन दिवस रजा मिळावी, असे वाक्य एकाही नमुना अर्जात नसते. मग मोठेपणी माणूस तेच करतो. मन बसलेले असते आणि तो पोटदुखी लिहितो. ‘टेन्शन’ हा एकच परका शब्द आपण दुःख, भीती, कर्ज, अपमान आणि निव्वळ दमणूक या सगळ्यांसाठी वापरतो. एकाच शब्दावर एवढा भार पडला की त्याचा अर्थ पातळ होतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘टेन्शन कोणाला नाही?’

कायदा येथे भाषेच्या पुढे गेला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने स्थान द्यावे असे सांगितले. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य मदतसेवा उपलब्ध आहे. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते, की निरनिराळ्या मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. थकवा आणि आजार एक नव्हेत. थकव्याला विश्रांती हवी, आजाराला उपचार हवेत. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याला चार दिवस आराम कर म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. सुट्टी हे सर्व दुःखांचे औषध आहे, असा दावा आम्ही करत नाही. परंतु डॉक्टरकडे जायला लागणारा अर्धा दिवस ज्याला खाड्याच्या भीतीने काढता येत नाही, त्याच्यापर्यंत कोणताही कायदा आणि कोणताही क्रमांक पोहोचणे कठीण आहे.

खाड्याची ही भीती किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. दोघे मिळून एक कोयता. दोघांपैकी एक जरी आजारी पडले तरी खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. २०१९मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे निष्पन्न झाले. यामागे अनेक कारणे आहेत; खासगी दवाखान्यांची नफेखोरी आहे, अज्ञान आहे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे आहेत. पण पाळीच्या दिवसांत विश्रांती परवडत नाही हेही त्यातले एक कारण आहे, आणि एकदा हे समजल्यावर सुट्टी ही चैनीची बाब आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही.

आता घराकडे पाहू. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळपास पाच तास आणि दीड तास. कार्यालयातून पुरुषाला शनिवारची सुट्टी मिळाली की त्याच्या घरात एक अधिकचा नाश्ता, एक निवांत जेवण आणि चार पाहुणे वाढतात. त्याची सुट्टी ज्या ओट्यावर शिजते तेथे उभ्या असलेल्या बाईला लोखंड्यांचा रविवार अजून मिळालेला नाही. १८९०च्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या होत्या. पण त्यांनी मागितलेली सुट्टी गिरणीच्या फाटकाशी संपत होती. कामाच्या आठवड्याची चर्चा या फाटकाच्या आत, म्हणजे घरात, आल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही.

मुक्या जनावराच्या बाबतीत मात्र आपली संस्कृती अधिक समंजस आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळायचे, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, त्याला पुरणपोळीचा घास द्यायचा, ही रीत मराठवाड्यात ट्रॅक्टर आल्यावरही टिकून आहे. अनेक गावांत अमावस्येला औत धरत नाहीत. कुणी असे म्हणत नाही, की बैलाचा खाडा पडला म्हणून उद्या त्याची वैरण अर्धी. कष्टकऱ्याला विश्रांती दिली तरी त्याचे पोट कापू नये, हे तत्त्व आपल्या शेतीला ठाऊक होते. तेच आपण माणसासाठी नव्याने मांडत आहोत, एवढेच.

शेवटी आमच्या स्वतःच्या क्षेत्राविषयी. पूर्णवेळ प्राध्यापकांना भरपूर सुट्ट्या असतात हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार आमचे काम आठवड्याला ४० तासांचे आणि वर्षाला किमान ३० आठवड्यांचे आहे. पण त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर, तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी उभे असतात. नेट, सेट, पीएच.डी. अशी पात्रता त्यांच्याकडेही असते. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. दिवाळी आली, उन्हाळा आला, महापुरुषाची जयंती आली, की आमची सुट्टी असते आणि त्यांचा खाडा असतो. मे महिन्यात आम्ही वाचायची पुस्तके काढतो तेव्हा ते दुसरे काम शोधत असतात. एकाच शिक्षककक्षात सुट्टी आणि खाडा अशा रीतीने चहाच्या एकाच टेबलावर बसलेले असतात, आणि आपण तेथे बसून परदेशातल्या चार दिवसांच्या आठवड्यावर बोलतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. कामाचा आठवडा लहान करण्याची मागणी न्याय्य आहे; पण तिची सुरुवात ज्यांना दोन सुट्ट्या आहेत त्यांना तिसरी देण्यापासून होऊ नये. ज्यांना एकही भरपगारी सुट्टी नाही, त्यांना ती पहिली मिळण्यापासून व्हावी. तास कमी व्हावेत, केवळ दिवस नव्हेत. ठेकेदारी कामगाराला आठवड्याचा एक दिवस वेतनासह मिळावा. ऊसतोडीत आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांवरचा दंड बंद व्हावा. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला बारा महिन्यांचे ठरलेले वेतन मिळावे. रजेच्या अर्जात मनाचा थकवा हे कारण लिहिण्याची मोकळीक असावी आणि ते वाचून वरिष्ठाने भुवई उंचावू नये. यांतल्या काही गोष्टी शासनाच्या हाती आहेत, काही मालकांच्या. पण रविवारी सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कामाचा निरोप न टाकणे, तासिकेवरच्या सहकाऱ्यांच्या मागणीच्या निवेदनावर आपलीही सही करणे, आणि सुट्टीच्या दिवशी घरातला स्वयंपाक आपल्या हाती घेणे, या तीन गोष्टींसाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्या पूर्णवेळ नोकरीत असलेल्या आमच्यासारख्यांनी येत्या रविवारपासून कराव्यात.